पस्तिसाव्या हिश्शातले रणगाडे

(छंदप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

हा डबा पहिल्या रांगेकडून मागे जाऊ दे. झाकण उघडून बघा, हरकत नाही, पण आतल्या पिशव्या फोडू नका. त्यातला एखादा तुकडा या सतरंजीवर पडला तर उद्या सकाळी झाडणाऱ्या मावशींनाच सापडेल. डब्यात आहे तामिया कंपनीचा टी-55. मूळ रणगाडा सोव्हिएत, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून त्याचं छोटं मॉडेल करायचं हे किट जपानी, आणि मी तो घेतलाय 1971 च्या लढाईतला भारतीय रणगाडा करायला. या तिघांचं डब्यात काही जुळत नाही. ते टेबलावर जुळवावं लागतं, आणि खरं सांगू का, मला त्या जुळवाजुळवीतच रस आहे.

विषय दिलाय ‘माझे आवडते किट’. अशा वेळी लोकांना टायगरची अपेक्षा असते. जर्मन टायगर मीही केलाय, दोनदा. देखणा गाडा आहे, वाद नाही. पण त्याच्यावर इतकी पुस्तकं, इतके फोटो आणि इतके तयार सुटे भाग मिळतात की आपण शोधायचं काही उरतच नाही. दुसऱ्याने पेन्सिलीने सोडवलेलं शब्दकोडं आपण शाईने गिरवायचं, तसं होतं ते. तेव्हा टायगरला इथेच रामराम.

आधी मापाचं बोलून घेऊ. रणगाड्यांचे बहुतेक किट 1/35 या मापात येतात. पावणेसहा फुटी माणूस या मापात पाच सेंटीमीटरचा होतो. अख्खी विलीज जीप साडेनऊ सेंटीमीटर. आता विमानं करणाऱ्यांकडे 1/72 आणि 1/48 असे सरळ भाग जाणारे आकडे, मग रणगाड्यांच्याच नशिबी हा आडनिडा पस्तीस का आला? तामिया ही जपानमधल्या शिझुओका शहरातली कंपनी, मूळची लाकूडकामातली. 1961 साली त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं प्लॅस्टिक किट काढलं. आत मोटर, गिअर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून गाड्याची रुंदी त्या हिशोबाने धरली. पुढे मोजून पाहिलं तर ते माप साधारण 1/35 निघालं. किट खपलं, माप तेच राहिलं, आणि मागून बाकीच्या कंपन्याही त्याच मापात आल्या. म्हणजे आज आपण ज्याच्या मिलिमीटरवरून भांडतो, ते माप टॉर्चच्या सेलने ठरवलेलं आहे!

याच कंपनीचे शुनसाकु तामिया रणगाडे बघायला अमेरिकेतल्या अबर्डीनच्या लष्करी तळावर गेले होते. तिथे उभ्या असलेल्या गाड्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ते जपानला परतले. 2025 साली ते गेले, नव्वद वर्षांचे होऊन. या छंदातले आम्ही सगळे त्यांचं देणं लागतो.

हं, तर टी-55. खरा गाडा 36 टनांचा. 1/35 माप म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तिसाव्या हिश्शाला, म्हणजे वजन पस्तीसचा घन, 42,875 पटीने कमी. 36 टनांना त्याने भागा. येतात 840 ग्रॅम. किट खऱ्या पोलादाचं असतं तर हातात एवढं जड लागलं असतं. माझ्या घरच्या काट्यावर तयार मॉडेल दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर भरतं. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. नवखा माणूस सुबक रंग लावतो, जोड बेमालूम भरतो, आणि तरीही गाडा खेळण्यातला वाटतो, कारण तो जमिनीवर टेकलेला नसतो, नुसता ठेवलेला असतो. म्हणून या कामातली निम्मी मेहनत वजन दाखवण्यात जाते.

टी-55 मध्ये हे वजन चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यात दिसतं. या गाड्याला दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठी चाकं. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात बाकीच्यांपेक्षा जास्त फट असते, ती लांबूनच ओळखू येते. पट्टा वरून परत जाताना त्याला आधार द्यायला वेगळ्या छोट्या पुळ्या नाहीत. तो थेट चाकांच्या डोक्यावर लोळतो आणि दोन चाकांच्या मध्ये ओल्या धोतरासारखा झोळ खातो. किटमधला रबरी पट्टा मात्र ताठ, चाकांच्या वर हवेत तरंगणारा. काय करायचं? पट्टा चढवायचा, चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचा एकेक थेंब सुईच्या टोकाने सोडायचा, आणि वरचा पत्रा व पट्टा यांच्यामध्ये स्पंजचे तुकडे कोंबून रात्रभर ठेवायचं. सकाळी स्पंज चिमट्याने काढले की पट्टा खाली बसलेला असतो. आमच्याकडे भांडी घासायचा स्पंज वारंवार का आखूड होतो, याचा उलगडा घरी बराच उशिरा झाला.

आता या टी-55 ला भारतीय कसा करायचा? 1971 मध्ये आपल्याकडे टी-55 होते आणि पाकिस्तानकडे चिनी टाइप-59. टाइप-59 म्हणजे सोव्हिएत टी-54 चीच चिनी नक्कल, म्हणजे दोन्ही गाडे सख्खे चुलतभाऊ. धुळीत, धुरात, हजार मीटरवरून आपला कुठला आणि परका कुठला? त्यावर आपल्या लष्कराने काढलेला उपाय मला फार आवडतो. टी-55 च्या तोफेच्या नळीला तोंडाशी धूर ओढून काढणारा फुगीर भाग असतो. तसाच एक खोटा फुगवटा आपल्या गाड्यांच्या नळीवर मध्यावर चढवला. काम काही नाही, फक्त ओळख. डब्यात तो मिळत नाही. मी मास्किंग टेपची बारीक पट्टी कापून नळीला घट्ट वेढे देतो, जाडी पुरेशी झाली की त्यावर पातळ सुपरग्लू पसरवतो, वाळल्यावर 600 च्या पॉलिश पेपरने गोलाई आणतो. वीस मिनिटांचं काम, पण ते झालं की रशियन गाडा आपला होतो. कोणी विचारतं, ‘हे मध्येच काय?’ तिथून पुढे अर्धा तास आपलाच.

फोटोंवर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडे सोय आहे, नगरला जा. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, माझ्या तोंडात मात्र नगरच बसलंय, सांभाळून घ्या. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये सुरू झालं. रोल्स-रॉइसच्या मोटारीवर चिलखत चढवलेली गाडी तिथे आहे, मेंग कंपनीने तिचं 1/35 मधलं किट काढलंय. रणगाड्यांत व्हॅलेंटाइन आहे, मटिल्डा आहे, पॅटन आहे. मी थांबतो तो सेंच्युरियनपाशी. त्याच्या बुरुजाचा, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाचा, ओतीव भाग जवळून पाहा. गुळगुळीत नाही, खरवडलेल्या भिंतीसारखा आहे. आणि किटमधला बुरूज? साबणाच्या वडीसारखा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला घरच्या तयार सेंच्युरियनची लाजच वाटली.

तो खडबडीतपणा आणायचा तर प्लॅस्टिकवर किट जोडायच्या पातळ सिमेंटचा हात मारायचा. हे सिमेंट डिंकासारखं चिकटवत नाही, प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतं. पृष्ठभाग मऊ झाला की जुन्या, केस आखूड कापलेल्या ब्रशने टोचत सुटायचं. टोचायचं बरं का, ओढायचं नाही. आणि फक्त ओतीव भागावर. बुरुजाचं छत जोडलेल्या पत्र्याचं आहे, तिथे गुळगुळीतच ठेवायचं. ही सीमारेषा मला कुठल्याही सूचनापत्रकाने सांगितली नाही, नगरच्या उन्हात उभं राहून कळली.

सेंच्युरियन माझ्यासाठी खास आहे त्याचं कारण बहुतेकांना ठाऊक असेल. 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई. पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय वर्षं 21, जन्म आपल्या पुण्यातला. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव ‘फामागुस्ता’. ते सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. गाडा पेटल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तो गाडा दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

हा गाडा करताना माझा हात कापतो, आणि ते भावनेपोटी म्हणत नाही. शब्दशः कापतो, कारण चुकलं तर चालणार नाही असं वाटत राहतं. एकदा तर पुरतं नासलं. आषाढ होता, चार दिवस संततधार. रंग झाला होता, अक्षरं झाली होती, फक्त शेवटचा मॅट वॉर्निशचा हात राहिला होता. थांबायला हवं होतं. नाही थांबलो. खिडकी उघडून स्प्रे मारला आणि डोळ्यांदेखत गडद हिरवा गाडा पांढुरका पडत गेला, खोबरेल तेल थिजावं तसा. हवेतला ओलावा वाळत्या वॉर्निशमध्ये अडकतो तेव्हा असं होतं. दोन दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही. मग त्यावर ग्लॉस वॉर्निशचा ओला हात दिला, पांढुरकेपणा बराचसा विरला, उरलेल्यावर चिखलाचा रंग चढवला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आमच्याकडे वॉर्निशला सुतक. फक्त कापणं, घासणं, चिकटवणं.

पॅटनबद्दल थोडक्यात, कारण त्यात माझी फसगत झालेली आहे. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन पाणी सोडलेल्या शेतांत रुतले, आणि पकडलेल्या गाड्यांची जिथे रांग लागली त्या जागेला पॅटन नगर नाव पडलं, हे शाळेपासून ऐकलेलं. तामियाचा एम-48ए3 हे जुनं, जोडायला अतिशय समाधान देणारं किट. मी उत्साहाने घेतलं, केलं, वर पाकिस्तानी खुणाही रंगवल्या. मग कळलं की ए3 म्हणजे अमेरिकनांचा व्हिएतनामच्या काळातला डिझेल इंजिनाचा गाडा, आणि पाकिस्तानकडे होते पेट्रोलवर चालणारे आधीचे पॅटन. इंजिन बदललं की मागचा डेक बदलतो, म्हणजे जाळ्या, झाकणं, पाठीचा आकार, सगळंच. पुढून पाहिलात तर माझा पॅटन खेमकरणचा, मागून पाहिलात तर व्हिएतनामचा. कपाटात मी तो भिंतीला पाठ लावून ठेवतो. तुम्हाला करायचाच असेल तर एम-47 घ्या, इटालेरीचा किंवा टाकोमचा. तोही त्या लढाईत होता.

त्याच लढाईतल्या अब्दुल हमीदांची गोष्ट सांगितल्याशिवाय पॅटन सोडता येत नाही. 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार. साध्या जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पॅटन टिपले आणि 10 सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. गंमत म्हणजे या तोफेची नळी खरी 105 मिलिमीटरचीच. आधीच्या 105 च्या तोफेचे गोळे आणि हिचे गोळे यांत घोटाळा होऊ नये म्हणून नावात एक वाढवला. आमच्या मापात नळीचं भोक बरोबर तीन मिलिमीटर, ड्रिलचं पातं सरळ नेमक्या मापाचं मिळतं. असं सुख या छंदात क्वचित लाभतं. जीप करताना मात्र जाळी मोजा. महायुद्धातल्या विलीजच्या जाळीला नऊ फटी असतात. आपण रस्त्यावर जी पाहत मोठे झालो ती महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-3बी, तिला सात. किट नऊचं आणि फोटोतली जीप सातची असेल तर पुढचा अख्खा चेहरा नव्याने घडवावा लागतो. सुरुवात करणाऱ्याला मी तरीही जीपच सुचवीन. छोटी आहे, उघडी आहे, आणि चूक झाली तर दोन रविवारांपेक्षा जास्त काही जात नाही.

डबा आला का परत? ठेवा इथे, धन्यवाद.

सध्या टेबलावर आहे एएमएक्स-13. फ्रेंच, हलका, नाव पडलं ते ठरवलेल्या तेरा टन वजनावरून. तामियाने 2016 मध्ये काढलेलं हे किट अगदी सुबक आहे, पुट्टी जवळजवळ लागतच नाही. त्याचा बुरूज दोन तुकड्यांचा. खालचा तुकडा फिरतो आणि वरचा, तोफेसकट, झोपाळ्यासारखा वर-खाली होतो. तोफ बुरुजाला पक्की असल्यामुळे गोळे भरायचं यंत्र थेट तिच्या मागे बसवता आलं. सहा-सहा गोळ्यांचे दोन फिरते डबे. बारा गोळे संपले की मात्र ते डबे भरायला बाहेर यावं लागायचं. मॉडेलमध्ये हा झोपाळा खरोखर हलतो. मी बोलता बोलता तो हलवत बसतो, घरचे वैतागतात.

1962 च्या युद्धात आपण हेच गाडे विमानातून लडाखमध्ये चुशूलला उतरवले, चौदा हजार फुटांच्या वर. त्यामुळे नुसता गाडा करून माझं मन भरेना. एएन-12 विमानाचं मागचं दार उघडलंय, फळ्या लावल्यात, त्यावरून गाडा धिम्या गतीने खाली येतोय, बाजूला लोकरी टोप्या घातलेले पाच सेंटीमीटरचे जवान उभे आहेत, असं सगळं डोळ्यांसमोर आहे. गाडा चौदा सेंटीमीटरचा, त्याचा प्रश्न नाही. एएन-12 च्या पंखांचा पसारा 38 मीटर. भागिले पस्तीस, एक मीटर नऊ सेंटीमीटर. आमचं जेवणाचं टेबल सव्वा मीटरचं आहे. टेप लावून पाहिलंय मी, बसतं. घरी अजून विचारलेलं नाही.