मासळी बाजाराजवळच्या बायका

नमस्कार श्रोतेहो.

माझी आई विड्या वळायची. सोलापुरात हजारो घरांतली लेकरं हे सांगतील. मजुरी हजार विड्यांवर. मजुरीवाढीचा मोर्चा निघाला की आई आदल्या रात्रीच हिशेब घालायची: उद्याचा दिवस बुडणार, मग आज जास्तीची पानं कापून ठेवू. आणि सकाळी पदर खोचून निघायची.

लायबेरियातल्या बायकांची हकिगत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला आईचा तो हिशेबच आठवला.

पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा देश १९८९ पासून यादवीत होरपळत होता. सुमारे अडीच लाख माणसं गेली. लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. युद्ध पेटलं तेव्हा लेमा बोवी सतरा वर्षांची होती. पुढे अशाच पोरांना माणसांत आणायचं काम ती करू लागली.

२००३ च्या एप्रिलमध्ये तिच्यासोबत शेकडो बायका राजधानी मन्रोव्हियात, मासळी बाजाराजवळच्या मैदानावर येऊन बसल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान, अंगावर पांढरे कपडे. जागा मुद्दाम निवडलेली, कारण राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्या तिथूनच जायच्या. ऊन असो, पाऊस असो, त्या रोज यायच्या. त्यांतल्या कितीतरी बाजारात बसून पोट भरणाऱ्या. बसायचं म्हणजे त्या दिवसाची विक्री गेली. हे काय असतं, ते आपल्याकडच्या विडी कामगार मावश्यांना मी सांगायला नको.

शेवटी टेलरना त्यांची भेट घ्यावी लागली. घानात, अक्रा शहरात वाटाघाटी सुरू झाल्या. पण तिथे पुढारी हॉटेलात आरामात, आणि इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे. जुलैत बायकांनी सभागृहाचे दरवाजेच अडवले. हातात हात गुंफून खाली बसल्या. करार होईस्तोवर कुणी बाहेर पडायचं नाही! पहारेकरी अटकेला आले तेव्हा लेमा उभी राहून अंगावरचे कपडे उतरवू लागली. आईसारख्या बाईनं असं करणं हा तिकडे पाहणाऱ्यावर पडणारा शाप. पहारेकरी मागे हटले.

१८ ऑगस्टला करार झाला. लेमाला २०११ साली नोबेल मिळालं, ते जगाला ठाऊक आहे. मला मात्र त्यानंतरचं जास्त मोलाचं वाटतं. करार झाला म्हणून त्या थांबल्या नाहीत. हत्यारं गोळा करताना छावणीत गोंधळ उडाला, तेव्हा बंदूकधारी पोरांना शांत करायला याच गेल्या. श्रोतेहो, युद्ध लांबचं म्हणून आपण गप्प बसायचं का? आपल्याच गावचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली जखमींसाठी चीनला गेलेच ना!

पुढे निवडणूक आली. धंदा सोडून मतदार नोंदणीला जायचं कसं, हा बाजारातल्या बायकांपुढचा प्रश्न. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका तिथेही पोचल्या. त्यांनी दुकानं सांभाळली, तान्ही पोरं कडेवर घेतली आणि दुकानवाल्या बायकांना नाव नोंदवायला धाडलं.