अळशीचा धागा आणि आपली लाईन

रसिक श्रोतेहो,

इंग्रजीतला एखादा रोजच्या वापरातला शब्द घेऊन त्याच्या निरनिराळ्या अर्थांवर बोलावे, असे आपल्या वाचनालयाच्या मंडळींनी मला सुचवले, तेव्हा शब्द निवडण्यासाठी मला शब्दकोश उघडावा लागला नाही. त्याच आठवड्यात बडोद्यातल्या आमच्या गल्लीतली वीज गेली होती. दुपारचे तीन वाजले असतील. खांबाला शिडी टेकवलेली होती, दोन कामगार समोरच्या ओट्यावर सावलीत बसले होते आणि शिडीवर कोणीच नव्हते. काम का थांबले, असे मी विचारल्यावर त्यांतला वयस्क कामगार म्हणाला, "काका, हजी लाइन क्लियर नथी मळी." म्हणजे, अजून लाईन क्लिअर मिळालेली नाही. त्या उत्तराने माझी उकाड्याची तक्रार क्षणभर बाजूला राहिली, कारण हेच दोन शब्द मी लहानपणी घरात दिवसातून दहा वेळा ऐकत होतो आणि तिथे त्यांचा अर्थ जवळजवळ उलटा होता.

माझे वडील रेल्वेत होते. एका शाखामार्गावरच्या लहान स्थानकाचे ते मास्तर. मार्ग एकेरी होता, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच, आणि म्हणून पुढच्या स्थानकाला विचारल्याशिवाय गाडी सोडता येत नसे. ते यंत्रावर घंटा देत, पलीकडून घंटेनेच उत्तर येई, आणि मग यंत्राच्या पोटातून पोलादाचा एक गोळा बाहेर पडे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली असायची, आणि न थांबणारी गाडी असेल तर फलाटावर उभे राहून ते कडे उंच धरायचे, म्हणजे इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून हात बाहेर काढून ते दंडात अडकवून घेई. त्या गोळ्याचा अर्थ होता लाईन क्लिअर: पुढचा मार्ग मोकळा आहे, जा. आमच्या घरात आई बाजारात जायला निघाली तरी "लाईन क्लिअर घेतली का?" असे वडील विचारत.

वीजखात्यात मात्र लाईन क्लिअर म्हणजे त्या तारांतून आता काहीही वाहत नाही, अशी उपकेंद्रातून मिळालेली खात्री आणि परवानगी. रेल्वेची लाईन क्लिअर झाली की गाडी धावू लागते. विजेची लाईन क्लिअर झाली की वीज थांबते आणि माणूस वर चढतो. दोन्हीकडे विचारलेला प्रश्न एकच, की या मार्गावर आत्ता काही आहे का. एकाला तो मार्ग गाडीसाठी मोकळा हवा, दुसऱ्याला आपल्या हातांसाठी.

आता हा शब्द मुळात आला कुठून ते पाहू. आपण बडोदेकर जेवणानंतर मुखवासात जी भाजलेली अळशी चघळतो, तिच्या झाडाचे लॅटिन नाव लिनुम. या झाडाच्या देठातून धागा काढतात, त्या धाग्याचे कापड म्हणजे लिनन. अळशीच्या धाग्याला, दोऱ्याला लॅटिनमध्ये लिनेआ म्हणत, आणि तोच शब्द काही अंशी जुन्या इंग्रजीतून, काही अंशी फ्रेंचमधून आजच्या इंग्रजीत लाईन म्हणून स्थिरावला. म्हणजे लाईन मुळात ओढलेली नव्हे, ताणलेली वस्तू होती. कपडे वाळत घालायची दोरी, गळाची दोरी, गवंड्याच्या ओळंब्याची दोरी यांना इंग्रजीत अजूनही लाईनच म्हणतात. कोटाच्या आतून लावलेले कापड पूर्वी लिननचे असे, म्हणून ते लायनिंग. आज मंगळबाजारातून आणलेल्या ब्लाऊजपिसाला शिंपी नायलॉनचे अस्तर लावतो आणि त्यालाही "लायनिंग" म्हणतो, तेव्हा अळशी त्या कपड्यात फक्त नावापुरती उरलेली असते.

दोरीची रेघ कशी झाली, हे समजण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. जुन्या पद्धतीने काम करणारा सुतार पाहिला असेल, तर तो दोरा गेरूच्या पाण्यात भिजवतो, फळीच्या दोन टोकांवर ताणून धरतो, मधोमध चिमटीत उचलतो आणि सोडतो. टक्क असा आवाज होतो आणि फळीवर एक तांबडी, केसासारखी सरळ रेघ उमटते. दोरा उचलून घेतला तरी त्याची खूण राहते. "सुतासारखा सरळ" हा आपला वाक्प्रचार याच फळीवरून उठला आहे, आणि सुतार हा शब्दही सूत्रधार, म्हणजे सूत धरणारा, यावरून आला आहे. संस्कृतातल्या सूत्राने लॅटिन लिनेआसारखाच प्रवास केला: आधी धागा, मग मापाची दोरी, मग नियम, मग थोडक्यात सांगितलेले वचन. घराण्याच्या परंपरेला इंग्रजीत लाईन म्हणतात आणि आपण वंशतंतू म्हणतो. दोन्हीकडे पिढ्या धाग्यानेच बांधलेल्या आहेत.

इथपर्यंत दोन्ही भाषा शेजारी शेजारी चालल्या. पुढे इंग्रजीने सगळा संसार एकाच शब्दात मांडला. भूमितीतली रुंदी नसलेली लांबी, चेहऱ्यावरची सुरकुती, कवितेची ओळ, नटाचे वाक्य, तिकिटासाठी उभी असलेली माणसे, सैन्याची फळी, दोन देशांमधली हद्द, आगगाडीचा मार्ग, जहाजे चालवणारी कंपनी, दूरध्वनीचा संबंध, दुकानातल्या मालाचा प्रकार, माणसाचा धंदा आणि त्याचे विचार करण्याचे धोरण, या सगळ्यांना इंग्रज माणूस लाईन म्हणतो आणि संदर्भावर सोडून देतो. मराठीने तसे केले नाही. आपल्याकडे रेघ हाताने ओढावी लागते. रांग माणसांची, मुंग्यांची किंवा गाड्यांची असते आणि तिला पुढे सरकायचे असते. ओळ अक्षरांची, झाडांची, घरांची. ती जागच्या जागी राहते. रेषा ही सोवळ्यातली: ती भूमितीत असते, तळहातावर असते आणि आपल्या विद्यापीठाच्या ललित कला विभागात असते. तिथले विद्यार्थी एखाद्या चित्रासमोर उभे राहून "याची रेषा जिवंत आहे" म्हणतात, "याची रेघ जिवंत आहे" असे कोणी म्हणणार नाही. आमच्या घरातली मुले गुजराती शेजारामुळे "लिटी ओढ" म्हणतात, तीही मला या कुटुंबातलीच एक पाहुणी वाटते.

पंक्तीबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण हा एक शब्द इंग्रजी लाईनच्या सर्वांत जवळ आला होता. कवितेची पंक्ती आणि जेवणाऱ्यांची पंक्ती, अक्षरांची ओळ आणि माणसांची ओळ, दोन्ही तिच्यात होत्या. बोलीने त्यातली जेवणाऱ्यांची वेगळी काढून तिची पंगत केली आणि कवितेची पंक्ती ग्रंथांकडे ठेवली. त्याच पानावरून मराठीला पंक्तिप्रपंच हा शब्द मिळाला: एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसते वरण. या अन्यायाला इतके नेमके नाव दुसऱ्या कोणत्या भाषेत आहे की नाही याची मला शंका आहे. निदान इंग्रजी लाईनमधून तरी ते निघालेले नाही.

रेषेचा विषय निघाला की लक्ष्मणरेषा येतेच. "इथे मर्यादा घालतो" या अर्थाने इंग्रज लाईन ओढतो, आणि मराठी वृत्तपत्रे त्यासाठी हमखास लक्ष्मणरेषा वापरतात. आपल्या गावात हे सांगायला संकोच वाटत नाही, कारण वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्याच प्राच्यविद्या मंदिरात सिद्ध झाली आणि 1960 ते 1975 या काळात तिचे सात खंड निघाले; त्या संहितेत लक्ष्मण सीतेला सोडून जातो, पण जमिनीवर रेषा ओढत नाही. ती रेषा नंतरच्या कथाकारांनी ओढली. तरीही ती आज इतकी ठळक आहे की वाल्मीकीने ओढली नाही म्हणून कोणी ती ओलांडणार नाही.

असे असताना, म्हणजे रेघ, रेषा, ओळ, रांग, पंक्ती, दोरी इतके शब्द घरात असताना, मराठीने लाईन हा शब्द उसना का घेतला? माझे निरीक्षण असे आहे की जिथे दोन ठिकाणांमधून काही वाहते किंवा धावते, आणि ते वाहणे कुणाच्या तरी व्यवस्थेखाली असते, तिथे आपल्या कोणत्याच शब्दाला ते ओझे पेलले नाही. रेघेतून वीज जात नाही आणि ओळीतून पाणी येत नाही. पाण्याची लाईन, विजेची लाईन, फोनची लाईन, रेल्वेची लाईन हे सगळे बाहेरून आले आणि आपले नाव घेऊन आले. शासकीय मराठीने हे अचूक ओळखलेले दिसते, कारण तिने जिथे नुसती कल्पना आहे तिथे रेषा ठेवली, जसे दारिद्र्यरेषा आणि नियंत्रण रेषा, आणि जिथे काही वाहते तिथे वाहिनी केली, जसे जलवाहिनी आणि वीजवाहिनी. इंग्रजी शब्दाचे इतके नेटके दोन तुकडे क्वचितच पडतात. लोक मात्र वाहिनी म्हटल्यावर दूरदर्शन लावतात आणि नळाला पाणी आले नाही की "लाईन फुटली का?" असेच विचारतात.

रेल्वेच्या लाईनीशी आपले नाते तर जुने आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या काळात, 1862 साली, डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला आणि त्यावर प्रारंभी गाड्या ओढायला बैल होते. इंजिन नव्हते, पण लाईन होती. दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर म्हणून ती छोटी लाईन, आणि मुंबईकडे जाणारी 1676 मिलिमीटरची ती मोठी लाईन, हे आपल्याकडे शाळेत न शिकवताही सर्वांना ठाऊक होते. रूळ हे लोखंडाचे. लाईन म्हणजे रूळ, स्थानके, वेळापत्रक आणि मास्तराची टोपी हे सगळे मिळून.

धंद्याची लाईनही अशीच वाहती आहे. बडोद्यात नव्या माणसाची ओळख झाली की नावानंतर दुसरा प्रश्न येतो तो "कई लाइनमां छो?" हा, म्हणजे कोणत्या धंद्यात आहात? कापड लाईन, केमिकल लाईन, औषध लाईन. नोकरी एका जागेची असते, लाईन मात्र माणसे, माल, उधारी आणि भाचे-पुतणे यांना सामावून घेते. आणि कोणाचा मुलगा बिघडला तर शेजारी म्हणतात, "आडी लाइने चढी गयो." म्हणजे तो गाडीच आहे, फक्त चुकीच्या फाट्याला लागला. पोलीस लाईन हा प्रयोग निराळ्या वाटेने आला. छावणीत शिपायांच्या राहुट्या आणि बराकी ओळीने असत, त्यांना इंग्रज अधिकारी लाईन्स म्हणत. ग्वाल्हेर आणि इंदूरकडचे आपले नातेवाईक एखाद्या फौजदाराला "लाइन हाजिर" केल्याचे सांगतात तेव्हा त्याला रांगेत उभे केलेले नसते, ठाण्यातून काढून राखीव पोलिसांच्या वस्तीत पाठवलेले असते.

तरुणांच्या बोलण्यातल्या लाईन मारण्याविषयी मी या वयात काही बोलणे शोभणार नाही. डेडलाईनविषयी एवढेच सांगतो की अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 साली अँडरसनव्हिलच्या तुरुंगतळाभोवती कैद्यांना न ओलांडण्याची एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालीत, आणि तिचे नाव डेडलाईन. आपली मुदत त्या मानाने बरीच दयाळू आहे.

उलट, काही ठिकाणी लाईनने दार ठोठावले आणि मराठीने ते उघडले नाही. नट आपली लाईन विसरत नाही, वाक्य विसरतो, आणि दुसऱ्याचे वाक्य खातो. इंग्रज पत्रात एक लाईन टाकायला सांगतो. आपण चार ओळी मागतो, कारण एका ओळीत मराठी माणसाचे क्षेमकुशलही संपत नाही. आकाशवाणीवरच्या मराठी समालोचकांनी गोलंदाजाच्या लाईन आणि लेंग्थला दिशा आणि टप्पा असे म्हटले, आणि मोतीबाग मैदानाच्या कठड्याशी उभी असलेली मंडळीही "टप्पा चुकला" असेच ओरडत. जिथे आपला शब्द कामावर हजर होता, तिथे पाहुण्याला जागा मिळाली नाही.

आणि जिथे मिळाली, तिथेही घरातल्या रीतीप्रमाणेच. इंग्रजी लाईनला लिंग नाही. मराठीत ती आल्याबरोबर ती लाईन झाली, तिचे अनेकवचन लाईनी झाले, आणि लोक लाईनीत उभे राहू लागले. माझा तर्क असा की रेघ, रेषा, ओळ, रांग, पंक्ती, पंगत, दोरी, वाहिनी, अगदी लिटीसुद्धा, सगळ्या स्त्रीलिंगी. या बायकांच्या घरात नवी आलेली पुरुष किंवा नपुंसक राहणे शक्यच नव्हते.

त्या दुपारचे सांगायचे राहिले. साडेचारच्या सुमारास वयस्क कामगाराचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतले, वहीत वेळ लिहिली आणि सोबत्याला मान हलवून खूण केली. लाईन क्लिअर मिळाली होती. तरीही शिडीवर पाय ठेवण्याआधी त्याने लांब काठीला जोडलेला अर्थिंगचा आकडा एकेका तारेला लावला, तार जमिनीशी जोडून घेतली, आणि मगच तो वर चढला. पाच वाजून काही मिनिटांनी तो खाली उतरला, आकडे काढले, पुन्हा फोन केला, आणि समोरच्या घरातला पंखा कुरकुरत फिरू लागला. गॅलरीतून एक बाई आत ओरडल्या, "आली गं लाईट!" भर उन्हात, पाच वाजता. लाईट या शब्दासाठी मंडळींनी मला पुढच्या वर्षी बोलवावे.