फुकुशिमा : उशिरा पोहोचलेली माहिती

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीचे पाणी फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्रात शिरले, वीजपुरवठा तुटला, शीतकरण थांबले आणि तीन अणुभट्ट्यांमधील इंधन वितळले. अपघाताची तांत्रिक बाजू एवढीच नोंदवून आपण माहितीच्या प्रवासाकडे वळू.

परिसर रिकामा करण्याचे आदेश केंद्राभोवती वर्तुळे आखून निघत गेले. पहिल्या रात्री ३ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी पहाटे १० आणि संध्याकाळी २०. वारा अशी वर्तुळे पाळत नाही, याची अधिकाऱ्यांना कल्पना होती. वारा आणि डोंगरउतार लक्षात घेऊन किरणोत्सारी कण कोणत्या दिशेने जातील, याचा अंदाज बांधणारी 'स्पीडी' ही संगणकप्रणाली त्यासाठीच तर उभारलेली होती. भट्ट्यांमधून प्रत्यक्षात किती किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडत आहे हे कळत नसल्याने अंदाज अपुरे आहेत, असे कारण देऊन ते जाहीर करण्यात आले नाहीत. अमेरिकी लष्कराच्या हाती ते १४ मार्चलाच पडले होते. जपानी नागरिकांना पहिला नकाशा दिसला तो २३ मार्चला.

दरम्यान किनाऱ्यालगतच्या नामिए येथील हजारो रहिवासी वायव्येला, त्सुशिमाच्या डोंगराळ भागात आश्रयाला गेले होते आणि १५ मार्चपर्यंत तेथेच राहिले. किरणोत्सारी द्रव्याचा सर्वांत दाट पट्टा नेमका त्याच दिशेने पसरला. अपुरा का होईना, नकाशा हाती असता तर त्यांनी दुसरी वाट धरली असती, ही खंत म्हणूनच निराधार ठरत नाही. त्याच पट्ट्यातील इइताते हे गाव तर बहुतांश ३० किलोमीटरच्याही पलीकडे होते. ते रिकामे करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला.

आरोग्यावर तातडीने परिणाम होणार नाही, असे मुख्य मंत्रिमंडळ सचिव युकिओ एदानो पत्रकार परिषदांमध्ये सांगत होते. लहान मुलांच्या पालकांना चिंता होती ती पुढच्या वर्षांची. अपघाताची आंतरराष्ट्रीय श्रेणी १८ मार्चला ५ होती, १२ एप्रिलला ती सर्वोच्च म्हणजे ७ झाली. इंधन वितळल्याची कबुली केंद्र चालवणाऱ्या टेप्को या वीज कंपनीने मे महिन्यात दिली. दूषित भूजल समुद्रात जात असल्याचे कंपनीने मान्य केले तो दिवस होता २२ जुलै २०१३, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीनंतरचा लगेचचा दिवस. या योगायोगावर कितीजणांचा विश्वास बसला असेल?

तांदळाचे उदाहरण अधिक बोलके आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरांनी नमुन्यांच्या तपासणीवरून फुकुशिमाचा तांदूळ सुरक्षित असल्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये ओनामी भागातील तांदळात किलोमागे ५०० बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) या तत्कालीन मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सारी सीझियम आढळले. त्यानंतर २०१२ पासून ही मर्यादा १०० बेकरेलवर आणून पिकाचे प्रत्येक पोते यंत्राखालून जाऊ लागले. वर्षाला सुमारे १ कोटी पोती. २०१५ च्या पिकापासून एकही पोते मर्यादेबाहेर आढळले नाही. एवढी तपासणी शास्त्राच्या दृष्टीने आवश्यक नव्हती, असे म्हणता येईल. पण ज्या घोषणेने विश्वास गमावला तिची भरपाई दुसऱ्या घोषणेने झाली नसती. याच प्रांतातील इवाकी शहरातल्या मातांनी तर अन्न तपासण्यासाठी स्वतःचीच प्रयोगशाळा उभारली. ग्राहकांच्या शंकांना शासन वारंवार 'अफवांमुळे होणारे नुकसान' म्हणत राहिले. त्यात शंकेचा दोष ऐकणाऱ्याच्या माथी जातो आणि बोलणारा मोकळा राहतो.

केंद्रात साठलेल्या, प्रक्रिया करून बहुतेक किरणोत्सारी द्रव्ये काढून टाकलेल्या पाण्याच्या प्रश्नात विश्वासाची हीच जुनी थकबाकी पुढे आली. संबंधितांची समजूत पटल्यावाचून ते समुद्रात सोडणार नाही, असे आश्वासन सरकार आणि टेप्को यांनी २०१५ मध्ये फुकुशिमाच्या मच्छीमारांना दिले होते. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते सोडण्याची योजना सुरक्षा निकषांशी सुसंगत असल्याचा अहवाल दिला आणि २४ ऑगस्टला पाणी समुद्रात सोडण्यास सुरुवात झाली. त्याच्या तीन दिवस आधी राष्ट्रीय मच्छीमार महासंघाच्या अध्यक्षांनी तत्कालीन पंतप्रधान किशिदा यांची भेट घेऊन सांगितले की शास्त्रीय सुरक्षिततेबद्दलची आपली समज वाढली आहे, मात्र विरोध कायम आहे.