नक्षी बुजू नये म्हणून

(दृश्य: सागवानी देव्हाऱ्याची महिरप, अगदी जवळून. मोराच्या पिसाऱ्यातल्या खाचा व्हार्निशने भरलेल्या.)

पिसाऱ्याची रेघ न् रेघ छिन्नीने नीट कोरलेली आहे, पण दिसत नाही. डब्यातलं व्हार्निश पातळ न करताच दोन हात मारलं आणि ते खाचांत उतरलं. वर साय धरली, आत ओलंच राहिलं. आता त्या सायीला सुरकुत्या पडल्यात. सपाट फळीवर हे कदाचित खपून गेलं असतं. कोरीवकामात रंगाला साचायला जागा असते, म्हणून तिथे जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे.

बेळगाव जिल्ह्याची हवाही एकसारखी नाही. खानापूर सोडून जांबोटी-कणकुंबीकडे वळलं, की पावसाळाभर लाकूड ओल धरून बसतं. अथणीकडे हवा कोरडी. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच ओढायला लागतो. रंग पातळ करायचं एका गावचं प्रमाण दुसऱ्या गावी जसंच्या तसं चालेल, असं धरू नये.

(दृश्य: काट्यावर ठेवलेली कोरीव पट्टी.)

आधी लाकूड सुकलेलं हवं. ओल मोजायचं यंत्र असेल तर 10 ते 12 टक्के ठीक. नसेल तर तोच तुकडा दर दोन-तीन दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की पुढे जा. मग ओलसर फडक्याने नक्षी पुसा आणि रात्रभर वाळू द्या. पाण्याने उभे राहिलेले बारीक तंतू 220 नंबरच्या काचकागदाची घडी करून हलक्या हाताने काढा. कडा गोल होऊ देऊ नका; नक्षीचा जीव कडेत असतो. खाचांतली धूळ कोरड्या ब्रशने झाडा.

छिन्नीने जिथे लाकडाचे रेषे आडवे कापले जातात, तिथली उघडी छिद्रं रंग जास्त पितात. मूर्तीचं कपाळ उजळ आणि गाल काळपट, असा प्रकार होतो तो यामुळे. उपाय स्वस्त आहे: पहिला हात पातळ चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पापुद्र्यांच्या पॉलिशचा. 1 लिटर स्पिरिटमध्ये 100 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळा. बाटली काचेची किंवा प्लास्टिकची घ्या. लोखंडी डब्यात चपडा काळा पडतो. शेवटच्या पॉलिशला हेच प्रमाण 200 ते 250 ग्रॅमपर्यंत जातं. द्रावण जुनं असेल तर काचेवर थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटला, तर ते टाकून द्या. वरून पीयू (पॉलियुरेथेन) मारायचं असेल तर मेण काढलेलाच चपडा वापरा, साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू नीट धरत नाही.

(दृश्य: ऑइल पेंटचा डबा, मापाचा पेला, टर्पेंटाइन.)

ऑइल पेंटला मिनरल टर्पेंटाइन. 1 लिटर रंगात पहिल्या हाताला 150 ते 200 मिली, नंतरच्या हातांना 50 ते 100 मिली. पण डब्यावर कंपनीने कमाल प्रमाण छापलं असेल तर ते पाळा. काडी बुडवून उचला. रंगाची धार आधी अखंड पडली आणि मग थेंब सुटले, की जमलं. धार लोंबतच राहिली तर रंग अजून जाड आहे. फार पातळ केला, तर तो धारदार कडांवरून ओघळून खाली जातो आणि कडा उघड्या पडतात. हात मारून झाला की पाच मिनिटांच्या आत कोरडा ब्रश खाचांतून फिरवून साचलेला रंग ओढून घ्या. हे एक काम बहुतेक जण विसरतात.

रॉकेल घालू नका. ते हळू उडतं, तेलकट अंश मागे ठेवतं. रंग चिकट राहतो आणि चमक जाते. एनसीचा (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर तर त्याहून वाईट, कारण खालचा अर्धवट वाळलेला थर तो उचलून काढतो. दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हणू नये, कशाचा ते सांगावं.

ॲक्रिलिक रंगात पाणी 10 ते 20 टक्के पुरे. जास्त पाणी घातलं की रंग धरून ठेवणारा चिकटपणा विरतो आणि वाळलेला रंग भुकटीसारखा बोटाला लागतो. त्याहून पातळ हवा असेल तर पारदर्शक ॲक्रिलिक मीडियम घाला. गोकाकसारखी लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांनी जुने डबे बाजूलाच ठेवावेत: 2016 च्या नियमाने घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) केली आणि ती नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या डब्याची खात्री नाही.

(दृश्य: पावसाळी दुपार. स्प्रे केलेल्या पट्टीवर पांढरट धुकं.)

एनसी लॅकर पावसाळ्यात असा पांढरा पडतो. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि थरात अडकते. शक्यतो कोरड्या दिवशी काम करा. नाइलाज असेल तर हळू उडणारा रिटार्डर, थिनरच्या 10 टक्क्यांपर्यंत. पांढरेपणा आलाच तर थर वाळू द्या आणि रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी पुसट फवारा मारा. बहुधा तो जातो. दोन भागांच्या पीयूचं दुखणं वेगळं: त्याच्या हार्डनरची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, वायू सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. त्या फवाऱ्यासमोर साधा रुमाल पुरत नाही, रसायनांची वाफ अडवणाऱ्या गाळणीचा मास्कच हवा.

फिनिश वस्तू कुठे ठेवणार त्यावर ठरवा. चकचकीत थरावर उजेडाचे इतके ठिपके पडतात, की बारीक नक्षी त्यांतच हरवते. मॅट किंवा अर्धमॅट थरात उंच-सखल भाग स्वच्छ दिसतो. चकचकीत देव्हाऱ्याची हौस अनेकांना असते, ती खालच्या सपाट चौरंगावर भागवावी. मॅटमधली चमक मारणारी पूड तळाशी बसते, म्हणून डबा तळापासून ढवळा.

देव्हाऱ्यावर पाणी सांडतं, अत्तर लागतं, समईची आच लागते. चपडा आचेने मऊ पडतो, पाण्याने पांढरा होतो, अत्तरातल्या अल्कोहोलने विरघळतो. तेव्हा खालच्या भागाला पीयू, वरच्या महिरपीला चपडा, अशी वाटणी करा. बाहेरच्या दाराच्या गणेशपट्टीला पारदर्शक व्हार्निश फार टिकत नाही: ऊन त्यातून आत शिरतं, लाकडाचा वरचा थर खराब करतं आणि व्हार्निशचे पोपडे सुटतात. तिथे रंगद्रव्य असलेला, बाहेरच्या कामाचा थर हवा आणि पावसाळ्याआधी त्याची पाहणी हवी.

जवसाचं तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, गठ्ठ्यात ती अडकते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.