रफ वही आधी, फेअर नंतर

जर्नल सबमिट करायच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं हे इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मधे एक ‘चांगली’ जर्नल उघडी, भोवती चार-पाच जण, आणि वाचनं उतरवणं चाललेलं. कॉपी वाटू नये म्हणून शेवटचा आकडा इकडे-तिकडे करायचा. सरांनी रफ वही मागितली तर फेअरवरून रफ तयार करायची! प्रामाणिकपणावर प्रवचन द्यायला मी आलेलो नाही. क्रम उलटा झाला की विषय हातातून कसा निसटतो, तेवढं दाखवतो.

अकरावीचा साधा लंबक घेऊ. टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. २० आंदोलनांना ४०.२ सेकंद लागले, म्हणजे आवर्तकाल २.०१ सेकंद. सूत्रात (४π² गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग) घातलं की गुरुत्व त्वरण ९.७७ येतं. आता बहुतेक मुलं काय करतात? पुस्तकात ९.८१ आहे म्हणून ४०.२ खोडून ४०.१ लिहितात. गंमत अशी की ९.८१ हा साधारण ४५ अंश अक्षांशाचा आकडा. महाराष्ट्राच्या अक्षांशांना खरं मूल्य ९.७८ ते ९.७९च्या दरम्यान आहे. म्हणजे बरोबर आलेलं वाचन खोडून मुलाने चुकीचं लिहिलं, आणि त्याला मार्कही मिळाले.

बरं, उत्तर खरंच चुकलं असेल तर? तर ते कसं चुकलं हे आकडाच सांगतो. १०.८च्या आसपास आलं, तर मोजणी चुकली. गोळा सोडताना ‘एक’ म्हटलं की ‘वीस’ म्हणेपर्यंत आंदोलनं १९च होतात. ३८.२ सेकंदांना २० ने भागलं की १.९१, आणि उत्तर १०.८२. म्हणून मोजणी ‘शून्य’पासून, आणि तीही गोळा मधल्या जागेवरून जाताना सुरू करायची. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. उत्तर ९.४५च्या जवळ आलं, तर बहुधा गोळा फार लांब ओढून सोडलाय. ३० अंशांनी सोडला की आवर्तकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि सूत्रात त्याचा वर्ग असल्याने उत्तर ३ टक्क्यांहून जास्त घटतं. आणि ९.६७ आलं, तर फक्त दोरा मोजला, गोळ्याची १ सेंटिमीटर त्रिज्या विसरली.

ही त्रिज्येची चूक आलेखात फार सुंदर दिसते. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी, उभ्यावर आवर्तकालाचा वर्ग. रेषा आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढवली की आडव्या अक्षाला शून्याच्या १ सेंटिमीटर डावीकडे छेदते, आणि तीच गोळ्याची त्रिज्या. रेषेचा चढ मात्र तोच राहतो, म्हणून त्यावरून काढलेलं उत्तर बरोबर येतं. पण मुलं करतात काय, पट्टी आरंभबिंदूवर दाबून धरतात आणि रेषा जबरदस्तीने तिथून काढतात. चढही बिघडतो आणि त्रिज्याही हरवते. ‘रेषा शून्यातून जायलाच हवी’ हे कुणी शिकवलं कोण जाणे.

रसायनशास्त्राचं थोडक्यात सांगतो, कारण दुखणं तेच आहे. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन, म्हणजे टायट्रेशन. पिपेटने १० मिलिलिटर आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल, ६० ते ७० अंशांपर्यंत गरम, मग ब्युरेटमधून परमँगनेट. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, पुढे भराभर जातो, कारण तयार होणारं मँगनीजच क्रियेला वेग देतं. त्या सुरुवातीच्या संथपणाला फसून ‘रंग टिकला, म्हणजे अंतिम बिंदू आला’ म्हणणारे खूप. द्रावण तपकिरी, गढूळ झालं तर सल्फ्युरिक कमी पडलंय. ते वाचन टाकून द्या, पण रफ वहीत ‘तपकिरी झालं’ असं लिहूनच. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक चालत नाही, परमँगनेट त्याच्यावरच खर्च होतं आणि वाचन फुगतं. आणि द्रावण गडद असल्याने ब्युरेटवर द्रावणाच्या वक्र पृष्ठाची खालची कड दिसत नाही, तेव्हा सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा वरचीच कड वाचा.

कॉमर्सवाल्यांना वाटेल, आपण सुटलो. तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची जुळणी) जुळत नाही तेव्हा ‘किरकोळ खर्च’ वाढवून ती जुळवणारे हात मला इथूनच दिसतायत! आधी फरक किती आहे तो बघा. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल शोधा: ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९०. तसं काही सापडलं नाही, तर फरक निम्मा करा आणि ४५ ची रक्कम चुकीच्या बाजूला बसली आहे का ते पाहा. फरक खोडून टाकलात, तर हा माग कायमचा पुसला. आणि तेरीज जुळली म्हणून खुशीत राहू नका. एखादा व्यवहार पूर्णच लिहायचा राहिला, किंवा एकाऐवजी दुसऱ्याच्या खात्यावर पडला, तर तेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही.

इतिहासाच्या प्रकल्पात कच्ची नोंद म्हणजे मूळ तारीख. शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकात ७८ मिळवायचे एवढंच पाठ असलेला विद्यार्थी १६२९ लिहितो. शक वर्ष चैत्रात सुरू होतं, तर इंग्रजी वर्ष बदलतं साधारण पौषात. म्हणून जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे, की १६३० येतं. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, तिला मात्र ७८च लागतात, १६७४. इंग्रज वखारींच्या कागदांत वेगळा घोळ. त्यांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे आपण जानेवारी १६६४ म्हणतो ती सुरतेची पहिली लूट त्यांच्या गणतीत १६६३ मध्येच पडते. शिवाय त्यांचं पंचांग आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनपेक्षा तेव्हा १० दिवस मागे. तेव्हा नोंदीच्या कार्डावर मूळ कागदात जशी आहे तशी तारीख, खंड, पत्र क्रमांक, पान, आणि रूपांतर खालच्या ओळीत वेगळं. रूपांतर तेवढं ठेवून मूळ टाकलंत, तर पुढे चूक कुठे झाली हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

शेवटी सर्वेक्षणं, म्हणजे भूगोल, अर्थशास्त्र, पर्यावरण सगळे आले. सात घरं पाहून ‘४२.८६ टक्के कुटुंबं’ लिहू नका. ‘सातपैकी तीन’ लिहा. शेतकऱ्याला मासिक उत्पन्न विचारू नका, त्याचा पैसा हंगामाला येतो. आणि रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. दहा घरांना विजेचं बिल विचारलं, आठांनी सांगितलं, सरासरी ६०० रुपये. उरलेल्या दोन चौकटींत संगणकावर भरताना शून्य टाकलं की सरासरी ४८० होते आणि गावाचं बिल बसल्या जागी १२० रुपयांनी उतरतं. फॉर्मवर तीन खुणा वेगळ्या ठेवा: खरोखर शून्य असेल तर ‘०’, प्रश्न लागू नसेल तर ‘ला. ना.’, सांगितलं नाही तर ‘सां. ना.’. आणि त्या घरासमोर उभे असतानाच लिहा, कारण संध्याकाळी एसटीत बसल्यावर कुठली चौकट का रिकामी राहिली हे कुणालाच आठवत नाही.