काउंटीची मीटिंग, दोन मिनिटं आणि आपली पोरं

नमस्कार मंडळी. मराठी शाळेच्या पालकांसमोर बोलायला बोलावलंत, खूप बरं वाटलं. मी फायर डिपार्टमेंटची नाही की डॉक्टर नाही, तुमच्यासारखीच कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली एक आई आहे. मला एवढंच सांगायचंय की आपल्या १५-१६ वर्षांच्या मुलांना भूकंपात काय करायचं ते प्रत्यक्ष हाताने करून शिकवणारं ट्रेनिंग इथे आहे, आणि ते टिकायला हवं असेल तर आपण काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मीटिंगला जायला पाहिजे.

१७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटं. लोमा प्रिएटाचा भूकंप, ६.९ चा. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा इथे नव्हते, मीही नव्हते. ओकलंडमधला सायप्रेस नावाचा दुमजली फ्रीवे, त्याचा वरचा मजला खालच्या गाड्यांवर बसला आणि एकट्या त्या ठिकाणी ४२ माणसं गेली. तिथे सगळ्यात आधी वर कोण चढलं, तर वेस्ट ओकलंडच्या वस्तीतले लोक आणि शेजारच्या कारखान्यांतले कामगार, शिड्या, दोर, फोर्कलिफ्ट, हाताला लागेल ते घेऊन. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दुसरं काय झालं? ढिगाऱ्याला पहिला हात लावला तो वाचलेल्या घरच्यांनी नाहीतर शेजाऱ्यांनी. कुठेही जा, पहिले काही तास शेजारीच असतो हो.

पण नुसतं धावून जाणं पुरत नाही. १९८५ ला मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला, तिथे साध्या नागरिकांनी ८०० च्या वर लोकांना बाहेर काढलं, पण ते करताना त्यांच्यातलेच १०० च्या आसपास जण जिवाला मुकले असं या ट्रेनिंगमध्ये सांगतात. लॉस एंजेलिसच्या फायर डिपार्टमेंटने त्यावरून धडा घेतला आणि त्याच वर्षी नागरिकांसाठी कोर्स सुरू केला, तोच सर्ट (CERT), म्हणजे कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम. पुढे १९९३ मध्ये फेमाने, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, तो देशभर नेला, आणि हायस्कूलच्या मुलांसाठी तोच टीन सर्ट. साधारण २० तासांचा असतो.

माझ्या लेकीने केला तेव्हा शेवटच्या दिवशी मी बघायला गेले होते. काँक्रीटचा एक स्लॅब, खाली अडकलेला डमी, आणि पाच पोरं. एकाने पहार घातली, दोघं लाकडी ठोकळे घेऊन बाजूला बसले, आणि माझी मुलगी, जी घरी साधी हाक मारली तर ओ देत नाही, ती मोठ्याने ओरडत होती, इंचभर उचला, इंचभर ठोकळा सरकवा! स्लॅब जेवढा वर जाईल तेवढाच आधार खाली जायचा, म्हणजे पहार निसटली तरी तो परत अंगावर बसणार नाही. मेक्सिकोतल्या त्या शंभरांपैकी किती जणांना कुणी हे सांगितलं असेल, असं तेव्हा मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

मग जखमी तपासणं. श्वास मिनिटाला ३० च्या वर आहे का, नख दाबून सोडलं की २ सेकंदांत परत गुलाबी होतं का, सांगितलेलं साधं काम करता येतंय का. प्रत्येकाला फार फार तर मिनिटभर, आणि पुढे. आणि गॅसचा मीटर: वास आला किंवा सूं असा आवाज आला तरच पान्याने पाव फेरा, खटका पाइपला आडवा आला की बंद, आणि परत चालू करायचा तो गॅस कंपनीनेच, आपण नाही.

आता मीटिंगचं बोलते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची बॅच रद्द झाली, इन्स्ट्रक्टरच्या तासांना पैसे नाहीत म्हणून. मी तणतणत बोर्ड ऑफ सुपरवायझर्ससमोर, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळासमोर गेले, बोलायला नाव द्यायचं कार्ड भरलं, दोन मिनिटं बोलले, आणि समोरून कुणी चकार शब्द काढला नाही. फार लागलं मला ते. नंतर क्लार्कच्या ऑफिसमधल्या बाईंनी शांतपणे समजावलं, की कॅलिफोर्नियात ब्राउन अॅक्ट आहे, १९५३ चा, त्यात नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि जे अजेंड्यावर नाही त्यावर बोर्डाला चर्चा करता येत नाही. फार तर थोडक्यात उत्तर देतील, नाहीतर विषय पुढच्या मीटिंगला घ्या म्हणून स्टाफला सांगतील. म्हणजे लोकांच्या पाठीमागे काही ठरू नये म्हणून केलेला कायदा, तो मला माहीतच नव्हता.

त्यामुळे आधी आपल्या भागाच्या सुपरवायझरच्या ऑफिसला ईमेल करा, विषय अजेंड्यावर घ्या म्हणा. बजेटच्या सुनावण्यांना जा, पैसे तिथे ठरतात. आणि कन्सेंट कॅलेंडर वाचाच, त्यात पंधरा-वीस विषय एका मतात चर्चेशिवाय पास होतात, इमर्जन्सी ग्रँटसारख्या गोष्टी बऱ्याचदा तिथेच असतात, मतदानाआधी त्यावरही बोलायचा आपल्याला हक्क आहे. तुमच्याकडे ट्रेनिंग काउंटी नाही, सिटी चालवत असेल तर हेच सगळं सिटी कौन्सिलला, कायदा तोच.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते, आमच्याकडे मीटिंग मंगळवारी सकाळी, म्हणजे ज्यांच्यासाठी ट्रेनिंग ती पोरं शाळेत. विषय अजेंड्यावर आला त्या दिवशी लेकीने शाळेच्या पार्किंगमधून झूमवर नंबर लावला, चाळीस मिनिटं थांबली, लंच ब्रेक संपत आला तेव्हा तिचं नाव आलं. आमच्या गल्लीत आठ घरं आहेत, म्हणाली, त्यातल्या तीन घरांत एकेकटे आजी-आजोबा राहतात, त्यांचे गॅस मीटर कुठे आहेत ते मला माहितीये, आणि माझ्या वर्गात हे माहीत असलेली मी एकटीच आहे. पुढचं वाक्य अर्धं झालं तेवढ्यात वेळ संपल्याची बेल वाजली.

त्या वसंतात बॅच परत सुरू झाली, २४ मुलांची. यंदाचं बजेट जूनमध्ये आहे, आणि बाहेरच्या टेबलावर मी सुपरवायझर्सच्या ऑफिसांचे ईमेल लिहून ठेवलेत, जाताना नक्की घेऊन जा.