पट्ट्या वेगळ्या, आवाज वेगळा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर टेबलावर यामाहाचा एमओडीएक्स हा सिंथ, म्हणजे आवाज स्वतः तयार करणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे, शेजारी लॅपटॉप, आणि दोघांच्या मधे चौकोनी तोंडाची यूएसबी केबल. प्रिंटरला असते तीच. तुमच्यातले बरेच जण ऑर्केस्ट्रात किंवा भजनाला साथ करणारे आहात. बोटं तयार आहेत, अडतं ते केबल लावल्यावर. कुणाला आवाज दोनदा येतो, कुणाला येतच नाही, कुणाला पट्टी दाबल्यावर मागून येतो. या तक्रारींतल्या बहुतेकांचं मूळ एकच: आपण सिंथला एक वाद्य समजतो, आणि आत असतात दोन. एक पट्ट्यांचं यंत्र, दुसरं आवाज काढणारं. एरवी दोघांचं आतल्या आत जमलेलं असतं. केबल लावली की मधे कॉम्प्युटर येतो.

आधी केबलमधून जातं काय ते बघू. मधली पांढरी एक दाबली. कॉम्प्युटरकडे तीन आकडे गेले: १४४, ६०, ९६. १४४ म्हणजे पहिल्या चॅनलवर स्वर सुरू. ६० हा त्या पट्टीचा क्रमांक. ९६ म्हणजे दाबली किती जोरात, १ ते १२७ या मापात. बोट उचललं की स्वर बंद झाल्याचा निरोप. बस्स. यात पियानो नाही, बासरी नाही. बंदिशीचं नोटेशन कागदावर लिहिलं म्हणून कागद गात नाही, गवई वेगळा लागतो, तसंच हे.

याला मिडी म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथ जोडून दाखवले. एक कंपनी अमेरिकन, दुसरी जपानी, बाजारात एकमेकींच्या स्पर्धक, तरी एकाच्या पट्ट्या दाबून दुसऱ्याचा आवाज निघाला. म्हणजे ही फारकत मिडीच्या जन्मापासूनचीच. यामागच्या सीक्वेन्शियलच्या डेव्ह स्मिथ आणि रोलँडच्या इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं, तसं बऱ्याच उशिराच. जुन्या पाच पिनांच्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. १९९९मध्ये यूएसबीवरून मिडी न्यायची पद्धत ठरली आणि वेगाची चणचण संपली. पण निरोप तेच राहिले.

आता दोनदा येणारा आवाज. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅक घेतला, त्याचं इनपुट आणि आउटपुट दोन्ही सिंथच ठेवलं, मॉनिटर, म्हणजे आलेला निरोप लगेच पुढे पाठवायची सोय, चालू केला. मी पट्टी दाबतो, तेव्हा निरोप दोन वाटांनी जातो: एक आतून थेट आवाजाच्या यंत्राकडे, दुसरा केबलमधून लॅपटॉपकडे आणि तिथून परत त्याच यंत्राकडे. काही मिलिसेकंदांच्या फरकाने तोच स्वर दोनदा वाजतो. ऐका... नळीतून आल्यासारखा, पोकळ. शिवाय एका पट्टीला दुप्पट आवाज खर्ची पडतात. या यंत्राच्या एफएम-एक्स नावाच्या, आवाज तयार करणाऱ्या भागात एकावेळी ६४ आवाज वाजू शकतात. पेडल दाबून भरगच्च वाजवलंत तर आधीचे स्वर मधेच तुटायला लागतील. लोक म्हणतात सिंथ बिघडला. बिघडलेलं काही नसतं.

उपाय आहे ‘लोकल कंट्रोल’. यात यूटिलिटी, मग सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे सापडेल. ते बंद केलं की पट्ट्या आणि आवाज यांच्यातली आतली वाट तुटते, उरते फक्त लॅपटॉपवरून फिरून येणारी. मात्र कार्यक्रमाला निघताना ते पुन्हा चालू करा. नाहीतर स्टेजवर पट्ट्या दाबाल आणि शांतता. गायक तुमच्याकडे बघतोय, तुम्ही वायरी तपासताय!

आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्डच होत नाही, ही दुसरी तक्रार. केबलमधून फक्त मिडी जात असेल तर कसा होईल? बहुतेक सिंथचं असंच असतं. मग मागच्या लाइन आउटमधून दोन जॅक काढून ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे कॉम्प्युटरपर्यंत आवाज पोचवणाऱ्या पेटीला द्यावे लागतात. एमओडीएक्स मात्र त्याच यूएसबीतून ऑडिओही पाठवतो, १० चॅनल. विंडोजवर त्यासाठी यामाहाचा ड्रायव्हर टाकावा लागतो. विकत घेताना हे विचारून घ्या. दुकानदार ‘यूएसबी आहे साहेब’ म्हणाला, एवढ्यावर विश्वास टाकू नका.

दोन्ही लावलंत, म्हणजे यूएसबी आणि लाइन आउटही, तर कधी कधी घूंऽऽ असा आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याची घरघर. पाच पिनांच्या मिडीत दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध नसायचा, प्रकाशाने निरोप जायचा, म्हणून हा त्रास नव्हता. जुनं ते सोनं असं मी सहसा म्हणत नाही, पण इथे म्हणतो.

उशिराबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअरमधला पियानो या पट्ट्यांवरून वाजवत असाल तर बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा केवढा तुकडा एकदम तयार करतो ते. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने १०२४चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, बोटाला नक्की जाणवतात. १२८ ठेवला तर तीनच्या आत. फार कमी केलात तर कॉम्प्युटर दमतो, आवाजात टकटक येते. विंडोजवर एएसआयओ, म्हणजे उशीर कमी करणारा ड्रायव्हर घ्या, मॅकवर त्याची गरज नाही.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त छळते ती मींड. पिच बेंडचं चाक फिरवलं की निरोप जातो तो पूर्ण चॅनलसाठी, एका स्वरासाठी नाही. डाव्या हाताने कॉर्ड धरलीत, उजव्याने गंधारावरून मध्यमावर मींड घेतलीत, तर कॉर्डही मींड घेते. फारच केविलवाणं ऐकू येतं. उजव्या हाताला वेगळा चॅनल द्या, किंवा दोन वेळा रेकॉर्ड करा. आणि चाकाचा पल्ला दोन्हीकडे सारखा ठेवा. निरोपात फक्त चाक किती फिरलं तेवढंच असतं. सिंथवर पल्ला दोन सेमीटोनांचा आणि सॉफ्टवेअरमधल्या सारंगीवर बाराचा असेल, तर सा वरून रे घ्यायला जाल आणि थेट वरचा सा गाठाल.

शेवटचं, कारण मघाशी एका ताईंनी विचारलं: गाणं तयार झालं, प्लेबॅकला सगळं वाजतं, पण एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये कीबोर्डच नाही. ताई, तुमच्या ट्रॅकमध्ये फक्त मिडी होती. प्लेबॅकच्या वेळी ती बाहेर जात होती आणि टेबलावरचा सिंथ स्पीकरमध्ये वाजत होता. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर आपल्या पोटात आहे तेवढंच लिहितं. म्हणून आधी एक ऑडिओ ट्रॅक घ्या, सिंथचा आवाज त्यात सोडा आणि पाच मिनिटांचं गाणं पाच मिनिटं वाजू द्या, मग एक्स्पोर्ट. मिडी ट्रॅक म्यूट करून ठेवा, पुसू नका. त्याच्या नावात सिंथवरच्या आवाजाचं नावही लिहा. गायिकेने पट्टी काळी एकवरून पांढरी दोनला न्यायला सांगितली, तर मिडी एक सेमीटोन वर सरकवून तोच आवाज पुन्हा रेकॉर्ड करता येईल.